फ्रिजचा रकाना

समोरच्या दारातल्या बाईला सगळे बटणताई म्हणतात. कारखान्यातले शर्ट घरी आणून बटणं लावायची, म्हणून. खरं नाव नवऱ्याला ठाऊक असेल, पण तो बिचारा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. मग कारखान्यानं बटणांचं मशीन घेतलं आणि घरचं काम बंद झालं. बाहेर कामाला जावं, तर त्याची कूस बदलायला घरात कोण?

म्हणून तिनं सरकारच्या किमान उत्पन्न योजनेचा अर्ज भरला. मीही भरला. दरमहा तेवढे पैसे आले की नवऱ्याला एकटं टाकून जावं लागणार नाही, एवढंच तिचं मागणं.

मंगळवारी साहेब पाहणीला येणार होते. सरकारी माणूस गरिबी बघायला येतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण हिचा स्वभाव! घरी माणूस येणार आणि घर असं उघडंबोडकं? तिनं भिंती पुसल्या, वरच्या मजल्यावरून दोन खुर्च्या आणल्या, नवऱ्याची दाढी करून त्याला इस्त्रीचा शर्ट घातला. मग माझ्याकडे आली. म्हणाली, दिवसभर तुमचा फ्रिज द्या, साहेबांना गार पाणी तरी देता येईल. आम्ही दोघींनी तो ढकलत तिच्या घरात नेला. अर्जात फ्रिजचा रकाना होता. मी तो वाचला होता. तिला सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. मी सांगितलं नाही.

साहेब पाणी प्यायले, घर छान ठेवलंय म्हणाले आणि कागदावर खूण केली. मग माझ्याकडे आले. माझ्या घरात बघायला होतं काय? दोन मिनिटांत गेले.

महिन्याभरानं माझा अर्ज मंजूर झाला, तिचा नामंजूर. कारण छापलेलं होतं: घरात फ्रिज, राहणीमान बरं.

ती कागद घेऊन माझ्या दारात उभी राहिली. आवाज चढवला नाही. तिनं भांडायला हवं होतं, मला सोपं गेलं असतं.

"फ्रिज तुमचा आहे, एवढं लिहून द्या. बाकी मी बघून घेईन."

लिहून दिलं की माझंही बंद. माझे गुडघे गेलेत, मुलगा वर्षानुवर्षं फिरकत नाही, मी काय धन्नासेठ आहे? एका भांड्यातल्या पाण्यावरून आणि जुन्या फ्रिजवरून कोण जास्त गरीब हे ठरवणाऱ्यांना जाऊन विचारा, मला कशाला? हे सगळं मनात. तोंडानं म्हटलं, "बघते हं."

बघते म्हणजे नाही, हे तिला कळलं. पुन्हा तिनं विषय काढला नाही.

आता ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात जाते. सकाळी सातला दाराला कुलूप लावते आणि किल्ली माझ्याकडे देते. दुसरं आहे कोण तिला? दुपारी मी कुलूप उघडते, त्याला कुशीवर वळवते, मऊ भात भरवते. पाठीला जखमा झाल्यात, माझ्या एकटीच्यानं तो नीट उचलला जात नाही.

त्याचं अर्धंच तोंड हलतं, पण डोकं शाबूत आहे. फ्रिजचं तिनं त्याला सांगितलेलं नाही. रोज तो मला दुवा देतो. तुमच्यासारखी शेजारीण मिळायला पुण्य लागतं, म्हणतो. काल विचारत होता, "आमचा अर्ज का हो फेटाळला?"

"सरकारचं काय सांगावं," मी म्हटलं आणि पुढचा घास केला.