दाजींनी अडवलेली शिळा

श्री. दाजी मुळ्ये यांची माझी पहिली गाठ भर दुपारी, झाडगावच्या रस्त्यावर पडली. मी शाळेत नुकताच रुजू झालो होतो. डोक्याला पंचा गुंडाळलेले हे गृहस्थ एका वृद्धाला "नेमकी जागा पाऊल ठेवून दाखवा" असे विनवीत होते. मला पाहताच त्यांनी मोजायच्या दोरीचे टोक माझ्या हाती दिले आणि "धरा" म्हणाले. नावगाव विचारणे नंतर झाले. ते टोक अजून माझ्या हातून सुटलेले नाही, आणि ही तक्रार त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथातही मी लपवणार नाही.

आपले रत्नागिरी हे विद्येचे गाव. कोणत्या घरी कोण विद्वान राहिला, कोणत्या ओटीवर शाळा भरली, हे पुढच्यांना कळावे म्हणून त्या त्या जागी कोरीव शिळा बसवाव्यात, ही कल्पना दाजींची. जांभा अक्षर धरत नाही म्हणून घाटावरून काळा दगड आणवायचा, हा हट्टही त्यांचाच. आणि सर्वांत छळवादी नियमही त्यांचाच: दोन वेगळ्या घरांतल्या वृद्धांनी, एकमेकांना न विचारता, एकाच जागेवर पाऊल ठेवल्याखेरीज शिळा बसायची नाही. या कामासाठी काढलेल्या मंडळाचा चिटणीस या नात्याने मी किती म्हाताऱ्यांना उन्हात उभे केले आणि त्यापायी त्यांच्या किती सुनांची बोलणी खाल्ली, ते माझे मलाच ठाऊक!

गावातली पहिली शाळा, वादळात तिचे छप्पर उडाल्यावर, एका वकीलसाहेबांच्या ओटीवर भरली, असे सारे सांगत. वकीलसाहेब आज या ग्रंथाच्या समितीवर आहेत, म्हणून नाव घेत नाही. एक साक्ष त्यांच्या आत्याबाईंची, दुसरी शेजाऱ्यांची. शिळा कोरून झाली, मांडव पडला, मामलेदारांना आमंत्रण गेले. आदल्या दिवशी सकाळी शेजारी सहज बोलून गेले, "आत्याबाईंनीच मला सांगितलंनी हो, मी कुठं बघायला गेलो होतो?"

झाले! तिकडच्या एका पडवीत शाळा भरल्याचे कधीतरी कानावर आले होते, म्हणून दाजींनी मला फरफटत समुद्राकडे नेले. एका जुन्या नाखव्याच्या घरी त्याची वृद्ध सून अमीनाबी मासळी निवडत होत्या. दाजींनी विचारताच त्या उठल्या आणि पडवीच्या खांबाशी पाऊल ठेवून म्हणाल्या, "शाळेचं छप्पर गेलं वाऱ्यानं. पोरं जातील कुठं? माझ्या सासऱ्यानं ही पडवी दिलीन."

तिसऱ्या प्रहरी भटआळीतल्या काशीताईंना बैलगाडीतून आणले. कोणी काही सांगण्याआधीच त्या त्याच खांबाशी जाऊन थांबल्या. "इथं माझा भाऊ बसायचा. मी त्याचे पोहे घेऊन यायचे."

संध्याकाळी वकीलसाहेब कडाडले, "मांडव घातलाय, पेढे आलेत, आणि आत्ता सांगता?"

"पेढे वाटू या," दाजी शांतपणे म्हणाले. "शिळा मात्र इथं बसायची नाही."

शाळेचे हेडमास्तर त्या वर्षी निवृत्त व्हायचे होते, तिथले सर्वांत जुने शिक्षक म्हणून ती जागा दाजींचीच हे सारे धरून चालले होते, आणि वकीलसाहेब शाळेच्या चालकांत होते. मी हात जोडून म्हटले, "दाजी, जागा मिळेपर्यंत तरी गप्प बसा!" ते ऐकतील तर शपथ. शिळा अमीनाबींच्या पडवीत बसली, आणि हेडमास्तरची खुर्ची मला मिळाली.

पहिल्या दिवशी नारळ घेऊन सर्वांआधी कोण आले? दाजीच. माझे तोंडभरून अभिनंदन केले, आणि लगेच म्हणाले, "उद्या अर्धी रजा द्या, खाडीपलीकडे भाट्याला एक आजोबा सापडलेत." मी रजा दिली, दार लावून घेतले आणि रडलो. इतका राग मला कोणाचा आला नाही, आणि इतके प्रेमही मी कोणावर केले नाही.

या साठीनिमित्त त्यांच्याच घरावर शिळा बसवावी, असे आम्ही ठरवले. मी त्यांना न विचारता दगड आणवला. दाजी संतापले. "जिवंत माणसाची शिळा? साक्षीदार कोण? आणि मी शिकवलं, ते कोणाच्या डोक्यात राहिलं, ते तरी दाखवा!"

तो कोरा दगड सध्या आमच्या विहिरीवर पडला आहे आणि घरची मंडळी त्यावर धुणे धुतात. परमेश्वराने दाजींना निरोगी, उदंड आयुष्य द्यावे. इतके, की कपडे आपटून आपटून तो दगड पार झिजून जावा, आणि त्यावर अक्षरे कोरायला जागा म्हणून उरू नये.