रेस हाबेगरचा हात

रेस हाबेगरने घड्याळ बघून कधी चीज केलं नाही. चीजघराच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण ते दूध उशिरा आणणाऱ्यांना दाखवण्यापुरतं. मला तर त्याने ते इतक्यांदा दाखवलंय की त्याच्या काट्यांचा मला अजून राग आहे.

मी बेथली व्युट्रिख. आमचा गोठा चीजघराच्या समोरच, रस्त्यापलीकडे. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला मी तिथे जाते, आणि दूध सोसायटीच्या मंडळात मी एकटीच बाई आहे. माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या श्वांडमाट गावात सगळेच म्हणतात. म्हणोत बापडे.

तर रेसचं सगळं काम त्याच्या उजव्या हातावर चालायचं. तांब्याच्या कढईत दूध दह्यासारखं लागलं की तारांच्या चौकटीने ते कापायचं. त्याचे गव्हाएवढे दाणे होतात आणि निवळीत, म्हणजे दह्यातून सुटलेल्या पाण्यात, गरगर फिरत राहतात. कढई तापवायला खाली वाफ चालू असते. ती नेमकी कधी तोडायची हे रेस हाताने ठरवायचा. कोपरापर्यंत हात बुडवायचा, मूठभर दाणे वर काढायचा, आवळायचा आणि अंगठ्याने तो गोळा फोडायचा. दाणे सुटे झाले तर "झालं!", नाहीतर "अजून नाही." घाई झाली तर चीजचं चाक तळघरात आंबतं, उशीर झाला तर तडकतं. आणि आमचं एक चाक म्हणजे दोन माणसांनी उचलायचं धूड. सोळा घरांचं दूध असतं त्यात.

आमच्याकडे शेत धाकट्या मुलाला मिळतं. रेस थोरला. त्यामुळे बापाच्या गाई धाकट्याकडे गेल्या आणि रेस चीज शिकायला गेला. त्याचा उस्ताद मोठा खडूस होता. पोराच्या मुठीत दाणे द्यायचा, वरून आपल्या मुठीने ती मूठ आवळायचा आणि "आता? आता?" विचारत राहायचा. चुकला की निवळीचा भिजका फडका पाठीत बसायचा. तिथेच लोटी तळघरात चाकं उलटायला होती. एवढीशी बाई, पण चाक असं फिरवायची की गडी बघत राहायचे. दोघांनी लग्न केलं आणि आमच्या सोसायटीचं चीजघर चालवायला घेतलं. वरच्या मजल्यावरचं घर चीजघराबरोबरच मिळतं. चीजघर सुटलं की घरही सुटलं.

चीजला भोकं जिवाणू पाडतात हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उबदार तळघरात ते जागे होतात, आणि चाक हळूहळू फुगतं. रेस त्यांना 'माझे गडी' म्हणायचा. चाकावर लाकडी हातोडीने टकटक करून कान लावायचा आणि वर येऊन सांगायचा, "गडी कामावर आले गं." लोटी म्हणायची, "त्यांना म्हणावं, येताना जळणाची लाकडंही वर आणा."

मग बर्नहून प्रयोगशाळेची रेगुला आली. शिकलेली, पण तोरा नव्हता. बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या न चढवता सरळ गोठ्यात शिरली, तेव्हाच मला आवडली.

"तुमचे हे जे गडी आहेत ना," ती रेसला म्हणाली, "ते भोकं पाडता पाडता बी-बारा जीवनसत्त्वही बनवतात. रक्ताला आणि नसांना लागतं ते. थोडंच बनवतात, पण बनवतात. आम्ही त्यांच्यातलीच एक जात वेगळी काढलीय. ती जास्त बनवते. भोकं तितकीच, चव तीच."

"म्हणजे पगार तोच आणि काम दुप्पट," मी म्हटलं. "असा एक गडी मलाही दे बाई."

रेस हसला नाही. त्याने तिने आणलेली त्या जातीची कुपी दोन्ही हातांत धरली आणि विचारलं, "यांना किती ऊब लागते?" त्या दिवसापासून तळघराचं दार कुणी उघडं टाकलं की तो तान्ह्या बाळाच्या खोलीत वारा शिरल्यासारखा ओरडायचा.

पहिली चाकं पिकली. नमुने बर्नला गेले आणि रेगुलाचा फोन आला. खोऱ्यातल्या ज्या चीजघरांत हे विरजण दिलं होतं, त्यांत रेसचं चीज सगळ्यांत सरस निघालं होतं. रेस हवेतच. दूध घालायला येईल त्याच्या तोंडात तुकडा कोंबायचा. "खा. नुसतं चीज नाहीय ते, औषध आहे." स्वतः सकाळी पावाबरोबर तळहाताएवढा तुकडा खायचा, दुपारी बटाट्यांबरोबर पुन्हा.

त्या हिवाळ्यात गावच्या खानावळीच्या हॉलमध्ये रेगुलाचं भाषण ठेवलं. हे बी-बारा कमी पडलं तर काय होतं, ते तिने सांगितलं. हातापायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, माणूस चिडचिडा होतो. सगळ्यांच्या माना सोसायटीच्या चेअरमन ओस्कार लिएख्तीच्या भाचीकडे वळल्या. नादीनने मांस सोडलेलं आहे.

"बघू गं जीभ!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुमच्यासारखी लांब नाही माझी," नादीन म्हणाली, आणि हॉल हसून हसून लोटपोट झाला.

रेस थाळी घेऊन चीज वाटत फिरत होता. मी मागच्या बाकावर होते. एक हात थाळीला आणि एक हात खुर्च्यांच्या पाठींना, असा धरत धरत तो चालला होता. पाय जमिनीवर आपटत टाकत होता, जमीन कुठे आहे याची खात्री नसल्यासारखा. आणि तो चिडचिडा झालाय हे तर सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. रेगुला सांगत होती ते एकेक लक्षण आमच्यासमोर थाळी घेऊन फिरत होतं. तिथे बसलेल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? जगातल्या कुणालाही हा आजार झाला असता, पण रेस हाबेगरला? तो तर त्या जीवनसत्त्वाच्या राशीवर बसला होता.

लोटीने त्याला एकदा म्हटलं होतं, डॉक्टरला दाखव म्हणून. "ओल्या फरशीवर रबरी बुटांत जन्म गेला," तो म्हणाला, "पाय बधिर नाही होणार तर काय नाचणार? आणि खाण्यापिण्यात कमी असायला मी काय नादीन आहे?" तिलाही ते पटलं. तिने त्याचा तुकडा थोडा मोठा केला.

मग चाकं बिघडायला लागली. आधी एक तडकलं. आम्ही म्हटलं, असतं एखादं. मग दुसरं, मग ओळीने तीन. मंडळात कुरबुर सुरू झाली. मी सकाळी दूध घालायला गेले की बघायचे. रेस मूठ काढायचा, आवळायचा, पुन्हा बुडवायचा, मग डाव्या हाताने बघायचा. पूर्वी एका मुठीत ठरायचं. आता लोटी त्याच्या शेजारी येऊन उभी राहायला लागली. काहीतरी धुतल्याचं निमित्त करून तीही कढईत हात घालायची, आणि जरा वेळाने खोकायची. ती खोकली की रेस म्हणायचा, "झालं!" दोघं एकमेकांकडे बघायची नाहीत. तडकणं थांबलं. तो खोकला मला कळला, माझ्यानंतर दूध घालणाऱ्याला कळला, आणि पंधरवड्यात सगळ्या सोसायटीला कळला.

तळघराच्या जिन्यावर दिवा गेला होता त्या दिवशी रेस पडला. अंधारात त्याला आपले पाय कुठे आहेत तेच कळलं नाही. हाड मोडलं म्हणून इस्पितळात नेलं, आणि तिथे कुणीतरी त्याचं रक्त नीट तपासलं. बी-बारा जवळजवळ नव्हतंच.

बातमी आली तेव्हा खोऱ्यात लोक हसले, हे मी लपवणार नाही. मीही हसले. वाटलं, नमुना चुकला असणार.

रेगुला धावत आली. लोटीच्या स्वयंपाकघरात बसून तिने समजावलं. चीजमध्ये जीवनसत्त्व आहे, त्यात खोट नाही. पण ते रक्तात जायला पोटात एक पदार्थ लागतो, तो जीवनसत्त्वाला धरून आत नेतो. काही माणसांचं पोट तो बनवणंच थांबवतं. मग ती माणसं काय खातात, किती खातात, याला अर्थ उरत नाही.

"म्हणजे मी त्याला रोज जे वाढत होते..." लोटी म्हणाली.

"ते जसं गेलं तसंच बाहेर गेलं," रेगुला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "लोटी, मी त्या हॉलमध्ये उभी होते. मी त्यांच्या हातून तुकडा घेतला."

लोटीने सगळ्यांना कॉफी दिली आणि स्वतःची ओतायची विसरली.

उपाय सोपा होता, बी-बाराच्या सुया. डॉक्टरने सुया सुरू केल्या आणि रेसच्या तोंडावर रंग आला. जीभ बरी झाली, भूक लागली, तो पूर्वीसारखे विनोद करू लागला. आम्हाला वाटलं सुटलो. पाय थोडे सुधारले, काठी घेऊन चालता यायला लागलं. हात मात्र तसाच बधिर राहिला. "रक्त लवकर भरतं," डॉक्टर म्हणाला. "नसांचं तसं नाही. वर्षभर आधी आला असतात तर वेगळं बोललो असतो." रेस रोज सकाळी खिडकीत बसून बोटांनी वाटाणे चाचपायचा आणि लोटीला सांगायचा, "आज कालपेक्षा बरंय." ती म्हणायची, "हो, दिसतंय ना."

याच सुमाराला बर्नहून कळलं की नव्या विरजणाचा प्रयोग यशस्वी झाला. नादीनने नेमाने ते चीज खाल्लं होतं आणि तिचं रक्त ठणठणीत होतं. रेसच्या गड्यांनी खोऱ्यातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचं भलं केलं होतं, आणि मालकालाच ते पावले नव्हते. रेसने नादीनला बोलावून तिचं अभिनंदन केलं. मनापासून केलं. मला ते बघवेना.

मंडळाची बैठक झाली. ओस्कार वाईट माणूस नाही. पण सोळा घरांच्या दुधाचं त्याला बघावं लागतं. तो म्हणाला, "चीजघर चीजवाल्याचं असतं, चीजवाल्याच्या बायकोच्या खोकल्याचं नाही. लोटीकडे परवाना नाही. रेसने एकट्याने एक कढई उतरवून दाखवावी. जमलं तर चीजघर त्याचं, घर त्याचं. नाही जमलं तर वसंतात नवा माणूस बघू." बघायला ओस्कार आणि मी जायचं ठरलं. मी, कारण मी तोंडावर बोलते म्हणे.

ठरलेल्या सकाळी आम्ही गेलो. लोटीने बाहेर अंगणात थांबायचं होतं. ती खिडकीच्या काचेला चिकटून उभी राहिली. रेस दाढी करून, पांढराशुभ्र अंगरखा घालून तयार होता. त्याने दही कापलं, सुंदर कापलं. कढईखाली वाफ सोडली. दाणे फिरायला लागले. मला घाम फुटला होता. मी मनात म्हणत होते, कर रे बाबा, एवढं एक कर, मग जन्मभर मला ते घड्याळ दाखव.

बऱ्याच वेळाने त्याने बाही वर केली आणि हात बुडवला. मूठ बाहेर काढताना मी बघितलं, त्याची बोटं नीट मिटलीच नव्हती. बोटांच्या फटींतून निवळी गळाली, आणि निवळीबरोबर दाणेही. एक-दोन मनगटाला चिकटले, बस. रेस मात्र डोळे मिटून आवळत होता. मग अंगठा फिरवून त्याने तो नसलेला गोळा फोडला, अगदी पूर्वीसारखा.

"झालं!" तो म्हणाला.

लोटी आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिने सरळ कढईत हात घातला, मूठ काढली, फोडली. दाणे सुटे झाले. "झालंय," ती म्हणाली.

"मग बरोबरच ओळखलं की!" ओस्कारच्या जिवात जीव आला. "बेथली, बरोबर ना?"

मी गुळणी धरून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

लोटी आमच्याकडे बघत होती. मग ती नवऱ्याकडे वळली. दूध सोळा घरांचं होतं, आणि उद्या पुन्हा कढई चढणार होती, परवा पुन्हा. "रेस," ती म्हणाली, "तुझी मूठ रिकामी होती रे."

त्याने हाताकडे बघितलं. उलटा केला, सुलटा केला.

"नाही," तो म्हणाला. "लोटी, मला दाणे लागले. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा लागले. अंगठ्याखाली फुटले गं." त्याचा चेहरा उजळला होता. "थांबा, पुन्हा दाखवतो."

त्याने हात पुन्हा बुडवला, कोपराच्याही वर. खाली वाफ चालू होती, दाणे कोरडे पडत चालले होते, आणि ती वाफ तोडायचा धीर आम्हा तिघांतल्या एकालाही झाला नाही.