भिंतीला टेकलेल्या सात खुर्च्या

इबिडुनबाई चाळीस वर्षांत माझ्याशी कधी शिलाईवरून घासाघीस करत बसल्या नाहीत. शाळेच्या मोठ्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या. इबादानमधल्या आमच्या वस्तीत त्यांचा दरारा होता, आणि सात मैत्रिणींच्या मंडळाच्या त्या अध्यक्षीण होत्या. लग्नात यजमानांच्या गोतावळ्याने एकाच कापडाचे कपडे घालायचे, त्याला आम्ही असो-एबी म्हणतो. बाईंनी वर नियम केला होता, की नवं कापड न घेणारीने मंडळाच्या टेबलाशी बसू नये. एकदा एकीला त्यांनी खरोखरच बाहेर ड्रायव्हरांच्या पंगतीला बसवलं. मला त्याचा फार राग आला होता, पण शिंप्याला कोण विचारतो?

मग पेट्रोल तिप्पट झालं, आमचं चलन, नायरा, गडगडलं, आणि बाईंची पेन्शन होती तिथेच राहिली. पोत्याने तांदूळ भरणाऱ्या बाई कपाने तांदूळ घेऊ लागल्या, तेही दूरच्या बाजारात जाऊन, ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून.

तशात मोरोलाकेचं लग्न ठरलं. ही त्यांच्या मंडळाबाहेरच्या जुन्या मैत्रिणीची, अबोसेदेची लेक. अबोसेदे वर्षभर अंथरुणाला खिळली होती तेव्हा बाईंनी या पोरीला पाठीशी बांधून वाढवलं होतं. "तुझ्या लग्नात तुला नाचत मीच आत आणणार," हे वचन बाईंनी तिला लहानपणीच दिलं होतं. कापडही त्यांनीच निवडलं, जांभळं, जरीचं. महागडं! आता कमी दर्जाचं निवडावं तर अध्यक्षीणबाईंनाच परवडत नाही, असं दिसलं असतं.

पाच वार लागायचं, तिथे त्या दोनच वार घेऊन माझ्याकडे आल्या.

"लामिदी, पुढून नवं लाव. मागे हे माझं जुनं जांभळं. कुणाला बोललास तर बघ."

"पण बाई, नाचताना?"

"ते मी बघते. तू मशीन चालव."

दोन दिवसांनी दुसरी आली, दोन वार घेऊन. मग तिसरी. महिन्याभरात सातही जणी येऊन गेल्या, आणि प्रत्येकीने मला शपथ घातली. हसू की रडू, मला कळेना. एकीने जरी "परवडत नाही गं" म्हटलं असतं, तर सगळ्या सुटल्या असत्या.

लग्नाला सातही जणी वेळेआधी हजर! आमच्याकडे एवढ्यावरूनच संशय यायला हवा. खुर्च्या भिंतीला टेकवून, आडव्या आडव्या सरकत त्या बसल्या, त्या बसल्याच.

ढोल वाजले. मोरोलाके दाराशी थांबून वाट पाहत राहिली. कुणी गेलं नाही, तेव्हा ती एकटीच नाचत आत आली आणि बाईंपुढे गुडघे टेकून तिने त्यांचे हात धरले.

"मावशी, ऊठ ना गं."

"गुडघा धरलाय, बाळा."

तिने शेजारणीकडे पाहिलं. तिचाही गुडघा. तिसरीचाही. पोरीचा चेहरा पडला. अबोसेदे धावत आली. तिने टेबलावरच्या ताटांकडे नजर टाकली. पूर्वी तिच्या घरच्या भातात मांसाचे चार चार तुकडे असायचे, आज एकेकच होता.

"एवढ्यासाठी रुसलात?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "इबिडुन, निदान तू तरी मला समजून घ्यायचंस."

बाई अर्ध्या उठल्या. शेजारणीने मान वळवली. बाई परत बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. अबोसेदे लेकीचा हात धरून निघून गेली.

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. ही सातच गिऱ्हाइकं आता माझ्याकडे उरली आहेत.

वाजंत्री गेली, पाहुणे गेले, मांडववाले खुर्च्या उचलू लागले. भिंतीजवळच्या सात मात्र हलेनात. दुसरीने आधी जावं म्हणून प्रत्येकजण खोळंबलेली. मी जवळून गेलो तेव्हा बाईंनी माझी बाही ओढली.

"लामिदी," त्या कुजबुजल्या, "या सगळ्या घरी का जात नाहीत रे?"

"गुडघे असतील, बाई," मी म्हटलं.