माडाच्या खोडावरची गोल पातळवाली

आधी चहाचे कप खाली ठेवा बाई! हसाल आणि माझ्या लुगड्यावर सांडाल. नवी नवरी असताना मी जो घोळ घातला ना, तो ऐकून आमच्या गल्लीतल्या म्हशीसुद्धा हसल्या असतील.

माझं माहेर म्हसळ्याचं, सासर रेवसजवळ. मी पहिल्यापासून अबोल. पण तोंड मिटलेलं म्हणून काही डोळे मिटत नाहीत! सासूबाई पहाटे देवळात फुलं द्यायला निघाल्या, की लगेच आमचे हे "माडांना पाणी लावतो" म्हणून वाडीत. परत यायचे ते गालातल्या गालात हसत. आता सांगा, माडांना पाणी घालून कुणाला हसू येतं?

एकदा गेले मागोमाग. केळीआडून बघते तर काय! पाण्याच्या पाटावर आडव्या टाकलेल्या माडाच्या खोडावर एक पाठमोरी बाई. डोक्यावर पदर, नेसलेलं गोल पातळ, म्हणजे पाचवारी! आणि हे तिचे दोन्ही हात धरून उलटे चालतायत.

"खाली नको बघू. माज्याकडं बघ!"

माज्याकडं बघ? मला आजवर "मीठ दे"च्या पुढे काही बोलले नव्हते हो!

बरं, गावात आम्ही सगळ्या नऊवारीतल्या. गोल पातळ नेसायच्या त्या एकट्या शाळेच्या मास्तरीणबाई. म्हणजे नाव शोधायचीही गरज नाही!

दुपारी त्याच बाई दारात. "वहिनी, थोडं ताक मिळेल?"

"मांजरानं सांडलं."

आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, मांजर कुठलं? बरणी भरलेली हाय!"

"मग नासलं असेल," मी म्हटलं. बाई बिचाऱ्या रिकामं भांडं घेऊन गेल्या. रात्री ह्यांच्या ताटात नुसता भात आणि मिरची.

"कालवण न्हाय?"

"ज्यांच्याकडं बघायचं, त्यांच्याकडं मागा."

हे वळून मागं बघायला लागले. त्यांना काय कळणार, कपाळ!

दुसऱ्या पहाटे मात्र माझा अबोलपणा संपला. पदर खोचला, धावत गेले आणि थेट खोडावर चढले. "बाई, माझ्या नवऱ्याचा हात धरताना लाज नाही वाटत?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. सासूबाई!

माझा पाय सटकला आणि मी धप्पकन पाटातल्या चिखलात. सासूबाई वर खोडावर ताठ उभ्या.

"नवरा तुजा हाय, पर पोरगा माजाच ना गं? त्याचा हात बी धरू नको?"

मग सगळं उलगडलं. मागल्या खेपेला मुंबईला निघताना सासूबाई लाँचवर चढायच्या फळीवरून पडल्या होत्या. कितीतरी दिवस कंबर धरून होत्या. तेव्हापासून फळी बघितली की पाय लटपटायचे. आता मुंबईला दिलेल्या लेकीकडं नातवाचं बारसं, आणि तिचा हट्ट, "आये, चाळीत गोल पातळच नेसून ये." त्यात पाऊल अडकायचं. म्हणून हे आईचा तोल बसवत होते. आधी माडाला धरून एका पायावर उभं राहायचं, मग खोडावरून चालायचं. आणि हे सारं देवळाच्या नावाखाली चोरून, कारण गाव म्हणेल म्हातारीला नटायचं वेड लागलं!

माझा घोटा टम्म सुजला. तरी बारशाला निघालोच. धक्क्यावर सासूबाई गोल पातळ सावरत, मान वर करून, कुणाचाही हात न धरता फळीवरून तुरुतुरु गेल्या. ह्यांच्या दोन्ही हातांत सामान. मागून मी, नऊवारीत, तोंडावर पदर ओढून, काठी टेकत, कण्हत.

खलाशी धावत आला, माझा दंड धरला आणि पुढे सासूबाईंना ओरडला,

"ओ मास्तरीणबाई, तुमच्या सासूला असं मागं टाकून पळता व्हय? पडंल की म्हातारी!"