वरच्या गॅलरीतलं कीर्तन

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर टोरांटोच्या डाउनटाउनमधल्या जुन्या इमारती एका वीकेंडला सगळ्यांना आतून बघायला मिळतात. आई अलिबागहून माझ्याकडे कायमची राहायला आली, त्या वर्षी मी तिला आणि माझ्या लेकीला घेऊन रविवारी सकाळीच निघाले. बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडायला फारशी राजी नसायची. गाणं तर तिने सोडूनच दिलं होतं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. आमच्याकडे धर्मग्रंथातल्या योसेफाची, मोशेची कीर्तनं मराठीत होतात, आणि गावात ती आईशिवाय होत नसत.

घड्याळाच्या मनोऱ्याची जुनी नगरपालिका झाली, एक बँक झाली. आईने मान डोलावली, पण मन रमलं नाही. मग ट्रामने आम्ही जुन्या बाजारपेठेतल्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, गेलो.

दारातला व्हॉलंटियर सत्तरीचा होता. आईची नऊवारी आणि मे महिन्यातही थंडी वाजते म्हणून त्यावर चढवलेला माझा विंटर कोट बघून त्याने फार आपुलकीने, एकेक शब्द सुटा करत विचारलं, की सिनेगॉगमध्ये पहिल्यांदाच येताय का?

आई इंग्रजीत म्हणाली, "माझं लग्नच सिनेगॉगमध्ये झालं."

तो गडबडला, मग मनापासून हसला. मराठी बोलणारे ज्यू असतात हे त्याच्या कानावर कधी आलंच नव्हतं. आई आता मराठीत सांगत सुटली आणि मी इंग्रजी करत गेले. आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा. तो बाकीच्या मंडळींनाही बोलावून ऐकवू लागला.

आत गेल्यावर तो म्हणाला की ही वास्तू बांधली तेव्हा माइक नव्हते. इथे कुठूनही गायलं तरी आवाज सगळीकडे पोचतो. कोणी गाऊन बघणार का?

आईने माझ्या हातात पर्स दिली आणि जिन्याकडे वळली. पूर्वी जिथे फक्त बायका बसत, त्या वरच्या गॅलरीचा तो जिना. मी तिच्या गुडघ्यांची आठवण करून दिली. लेक कुजबुजली, "आजी, प्लीज, एव्हरीवन इज लुकिंग."

"बघू देत," आई म्हणाली आणि कठड्याला धरून वर गेली.

तिने योसेफाचं कीर्तन लावलं. पहिल्या ओळीला आवाज चिरकला. ती थांबली, खाकरली आणि स्वर थोडा खाली घेऊन पुन्हा सुरू केलं. आता मात्र आवाज सुटला. भावांनी योसेफाला विहिरीत टाकलं तिथे तो असा भरून आला की बाहेरून आत येणारे लोक दारातच थांबले. मला वाटलं, आई परत आली. मी भर गर्दीत रडले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. संपल्यावर सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या माझ्या लेकीने.

त्या व्हॉलंटियरने आमचा फोन नंबर घेतला, आणि हिवाळ्याआधी तिथेच आईचं पूर्ण कीर्तन ठरलं. टोरांटोतली आमची मूठभर घरं झाडून सगळी आली. ऑफिसातला पुण्याचा एक सहकारी पेटीवर बसला. त्याने आपलं अर्धं मित्रमंडळ आणलं होतं. शेवटची बाकंही भरली, म्हणून उरलेले लोक वर गॅलरीत जाऊन बसले. आई दोन तास गायली. अर्थ मधूनमधून माझी लेक इंग्रजीत सांगत होती, आणि तो तिने स्वतः आजीकडून समजून घेतला होता.

शेवटी सगळे उभे राहिले. आईने हात जोडले, वाकून पाण्याचा ग्लास उचलला आणि पेटीवाल्याला म्हणाली, "पुढच्या वेळी जरा लय वाढवू या."