नवरी ट्रॉलीत, जॅक मातीत

थोरल्या मुलाचं लग्न आष्टीकडं झालं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आमच्याकडं वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच जायचं. परत येताना ट्रॉलीत वीसेक माणसं होती, आणि मुलीच्या बापानं दिलेलं लोखंडी कपाट, पलंग, चौरंग, भांडी. ऊन डोक्यावर होतं. वाटेवरची वडीगोद्री अजून लांब होती, तेवढ्यात ट्रॉलीचं डाव्या अंगाचं चाक पंक्चर होऊन बसलं.

ट्रॅक्टर माझा धाकटा दीर चालवत होता. त्यानं ट्रॉली सडकेच्या कडेला, काळ्या मातीत घेतली. आम्ही सगळे उतरलो, नवरा मुलगाही. नवरी उतरली नाही. आमच्यात नवरी मांडवातून निघाली की सासरच्या मारुतीपुढंच पाय टेकवते, वाटेत कुठं नाही. तिच्याजवळ माझी थोरली जाऊ राखणीला बसली. कपाटही वरच राहिलं.

बैलगाडीच्या आखाला वंगण घालायचं असलं तरी आम्ही आधी गाडी रिकामी करतो, दुसऱ्या चाकाला दगड लावतो, मग टेकू देतो. मला हे लहानपणापासून ठाऊक. इथं दगड कोणी लावला नाही. दीर म्हणाला, "ट्रॅक्टर गिअरमधी हे, कुठं जातंय?" मी गप्प राहिले. सोयरे बघत होते, आणि मुलाच्या आईनं गड्यांच्या कामात बोलायचं नसतं असं मलाही वाटायचं. ती चूक माझीच.

जॅक थेट मातीवर ठेवला. ट्रॉली वर गेली, नट निघाले, चाक निघालं. चाक बाजूला लोळवून दीर स्टेपनी आणायला पुढं गेला. तेव्हा मला दिसलं, जॅक तिरका झालाय. माती दबत होती.

माझ्या मालकांनाही ते दिसलं. त्यांनी दोन धोंडे उचलले आणि जॅकला टेकू द्यायला पालथे होऊन आखाखाली शिरले. डोकं आणि खांदे आत, धोतर आणि पाय बाहेर.

समोरून ट्रक गेला. ट्रॉली हलली. वर भांडी वाजली.

"अहो, बाहेर निघा," मी म्हणाले.

"गप बस. दोन मिन्टाचं काम हे."

"जॅक मातीत बसाय लागलाय. निघा म्हणते ना."

"तूच येती का मंग आत?"

सोयरे हसले. वर जाऊ पाय आखडून बसली होती, ती पाय पसरायला सरकली, आणि ट्रॉलीनं कचकन आवाज केला. मी ओरडले, "जाऊबाई, जागच्या हलू नका!"

"मला का वरडती गं?"

मी वाकले, मालकांच्या दोन्ही पायांचे घोटे धरले आणि ओढलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, चारचौघांत मी कधी त्यांच्या हाताला हात लावला नव्हता. ते मातीवरून घासत बाहेर आले, छातीला सगळी काळी माती. दीर म्हणाला, "दादा, वहिनीनं तर शेळी वढल्यावानी वढलं तुम्हाला." मालक उठले. त्यांचा हात वर गेला होता. मारलं असतं तर मारलं असतं. मी त्यांच्याकडं पाहत बसले नाही, वर पाहिलं.

"उतर गं," मी सुनेला म्हणाले.

जाऊ म्हणाली, "मधीच पाय टेकला तर काय व्हईल, ठावं हे का?"

"व्हईल ते माझ्या घरात व्हईल. उतर."

सुनेनं पदर खोचला आणि विचारलं, "आत्याबाई, कोणत्या अंगानं उतरू?"

तिथल्या इतक्या माणसांत कामाचं तेवढं तीच बोलली. मी म्हटलं, "उजव्या. हळू. उडी नको मारू." ती उतरली. तिच्यामागं जाऊ पुटपुटत उतरली. तिचा दुसरा पाय फळीवरून सुटला आणि जॅक निसटला. ट्रॉली डाव्या अंगावर आदळली. कपाट आडवं झालं, त्याचा आरसा फुटला. आख मातीत रुतला. मालकांचं डोकं जिथं होतं तिथं हात जाईल एवढीही फट नव्हती.

जाऊ म्हणाली, "बघा. नवरीनं पाय टेकला अन् ट्रॉली पडली."

मी दिराला म्हटलं, "आधी कपाट खाली घ्या." चौघांनी कपाट, पलंग उतरवला. उजव्या चाकाला मागून-पुढून मोठे दगड लावले. पहारीनं आखाखालची माती उकरली. जॅकखाली काय द्यावं, तर मी सुनेच्या लग्नातला सागवानी चौरंग दिला. जाऊनं तोंड फिरवलं. काढलेलं चाक आडवं करून ट्रॉलीच्या पोटाखाली सारलं. पुन्हा पडली तर त्याच्यावर पडेल.

जॅक आखाखाली नीट बसवायला कोणीतरी खाली जायला हवं होतं. दीर मागं सरला. मालकांनी धोतर वर खोचलं, गुडघ्यावर बसले आणि माझ्याकडं पाहिलं. एवढ्या सोयऱ्यांदेखत म्हणाले, "जाऊ का आता?"

मी चौरंग दाबून पाहिला. दोन्ही दगडांना लाथ मारून पाहिली. दगड हलले नाहीत.

"जावा," मी म्हटलं. "पर डोकं बाहेर ठिवा, नुसता हात घाला."

त्यांनी नुसता हात घातला.