मामांचं तेल आणि कोपरा कापलेली कार्डं

जगात जे जे दुखतं ते आपल्या तेलानं थांबतं, आणि जे थांबत नाही ते मुळात दुखतच नव्हतं, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझ्या बायकोचे मामा. जळगावला मेहरूणमध्ये घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते गुडघ्याचं तेल बनवायचे. माणसाचा चेहरा ते नंतर बघत, आधी चाल बघत. भुसावळ स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेले, की पाहुणे सामान घेऊन फलाटावर ताटकळत आणि मामा कुणा लंगडणाऱ्या परक्या माणसामागे पुलावरून पलीकडे गेलेले. माझ्या लग्नात अंतरपाट धरून धरून भटजींचा खांदा भरून आलाय हे त्यांनी हेरलं आणि मंगलाष्टकं चालू असतानाच उपरण्याखाली हात घालून तेल चोळलं. आमचं लग्न लागलं ते कापूर आणि निलगिरीच्या वासात. स्वतः मामांचे गुडघे मात्र पायरी चढताना कुरकुरायचे. "तुम्ही का लावत नाही?" असं विचारलं, की मी वकील असल्याचा फायदा घेऊन मलाच विचारत, "जावईबापू, घरच्या माणसाची साक्ष कोर्टात कितपत धरतात? मग!"

हे तेल विकायला त्यांनी गावोगाव कमिशनवर एजंट नेमले होते. कुठे न्हावी, कुठे निवृत्त कंपाउंडर, कुठे पानवाला. प्रचार कसा करायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. कराराचा मसुदा मी केला होता आणि त्यात "एजंटाने केलेल्या प्रचाराची जबाबदारी सर्वस्वी एजंटाची राहील" असं एक कलम घातलं होतं. त्या कलमाचा मला, खोटं कशाला बोलू, फार अभिमान होता.

दोंडाईच्याचा एजंट शिंपी होता. तो गावातल्या, आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना जाहिरातीची पोस्टकार्डं पाठवायचा आणि लोक ती न वाचता चुलीत घालायचे. एकदा शिवता शिवता त्याच्या मनात आलं, की माणूस कुठलं कार्ड दारात उभ्या उभ्या, हातातलं काम टाकून वाचतो? कोपरा फाटलेलं! आपल्याकडे कुणी गेल्याची बातमी अशाच कार्डानं येते. ते घरात नेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. शिंप्यानं कात्री घेतली आणि सगळ्या कार्डांचे कोपरे सफाईनं उडवले. परिणाम जबरदस्त झाला. लोकांनी हातातलं काम टाकून कार्ड उचललं, आपलं कुणी गेलेलं नाही, नुसतं तेल आलंय हे वाचून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्या आनंदात त्यांनी बाटल्या घेतल्या. इकडे मामा खूश. "दोंडाईच्याकडे गुडघे फार दिसतात," एवढाच त्यांनी निष्कर्ष काढला आणि शिंप्याचं कमिशन वाढवलं. कसं विकतोस, हे काही विचारलं नाही.

मग एक कार्ड तिथल्याच एका खेड्यात एका अक्कांच्या दारात पडलं. अक्कांना वाचता येत नव्हतं. एकुलता एक मुलगा ट्रकवर, बरेच दिवस त्याची खबर नव्हती. कापलेला कोपरा बघून त्या उंबऱ्यातच कोसळल्या, कंबर मोडून घेतली. गल्लीत रडारड झाली, चुली पेटल्या नाहीत, भाऊबंद आंघोळी करून बसले, आणि कार्ड तसंच अंगणात पडून, कारण गल्लीत वाचता येणारं कुणी नव्हतं, आणि असल्या कार्डाला उगाच हात कोण लावणार? संध्याकाळी एका मास्तरांनी ते वाचलं. "आपले गुडघे धरतात काय?" अशी त्याची सुरुवात होती. पुढच्या आठवड्यात मुलगा धडधाकट घरी आला आणि त्यानं धुळ्याच्या कोर्टात मामांवर नुकसानभरपाईचा दावा लावला.

माझी बाजू भक्कम होती. माझं कलम लागू झालं की सगळं शिंप्यावर जाणार. त्याचं शिलाई मशीन विकलं जाईल हे मला दिसत होतं, पण माझे अशील मामा होते. मी मामांना बजावलं, विचारतील तेवढंच बोला आणि न्यायाधीशांच्या चालीकडे बघू नका. "डावा गुडघा आहे साहेबांचा," एवढं पुटपुटून ते पिंजऱ्यात उभे राहिले.

समोरच्या वकिलांनी विचारलं, "हे कार्ड तुम्ही पाठवलं?"

"नाही."

मी निर्धास्त झालो.

"त्यातलं तेल कुणाचं?"

झालं! मामांची छाती फुगली. रंगात आले की ते अहिराणीवर यायचे, ‘माझं’चं ‘मनं’ व्हायचं. "तेल मनं शे! खान्देशमा दुसरा कोन बनावस असं तेल?"

"कार्डांमुळे खप वाढला?"

"धडाधड!"

"त्याचा सगळा फायदा कुणाचा?"

"बठ्ठा मनाच शे!"

"मग या बाईंचा त्रास कुणाचा?"

मी कलमाचा कागद उंच धरला. मामांनी तिकडे पाहिलंच नाही. बाकावर मुलाच्या आधारानं तिरक्या बसलेल्या अक्कांकडे ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तो बी मनाच."

दावा आम्ही हरलो. कमिशन देऊन ज्यांना आपल्या नावानं ओरडायला पाठवता, ते काय ओरडतात ते ऐकायची जबाबदारीही तुमचीच, असं न्यायाधीश म्हणाले. शिंप्याचं मशीन वाचलं. मामांनी भरपाई भरली आणि सगळ्या एजन्स्या बंद केल्या. पुढे खप इतका उतरला की शेडही बंद पडली.

पण मला आठवतात ते निकालानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवरचे मामा. मी रागानं धुमसत होतो. ते पायरीवर टेकलेल्या अक्कांपुढे हात जोडून उभे होते. "अक्का, सगळं भरून देतो."

अक्का रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "पैसा तू दी देशी रे भाऊ. पन त्या दिन सांजलोंग मना पोऱ्या मरेल व्हता. ते कसं भरशी?"

मामा तिथेच पायरीवर, त्यांच्या शेजारी बसले. जळगावची एस.टी. गेली, मी हाक मारली, तरी उठले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "पोऱ्यानं नाव काय शे, अक्का?" अक्कांनी नाव सांगितलं, मग तो लहानपणी कसा होता ते सांगायला लागल्या, आणि मामा ऐकत राहिले. आता मामा नाहीत. माझा खटला बुडवणारा तो माणूस मला त्या दिवशी जेवढा आवडला, तेवढा आधी कधी आवडला नव्हता, आणि हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.